दिवंगत वर्गमित्रासाठी फोटोबुक: ऑनलाइन छपाई सेवा कितपत उपयोगाची?

सगळ्यांना धरून राहणारा वर्गमित्र गेला की ग्रुपवर त्याचे फोटो येत राहतात आणि काही दिवसांत चॅटमध्ये कुठेतरी हरवतात. त्यातून त्याच्या घरच्यांच्या हातात देण्याजोगं काही करायचं असेल, तर ऑनलाइन फोटोबुक हा आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग. छपाई आणि कागद चांगला मिळतो. सॉफ्टवेअरवर मात्र विसंबू नका.

बांधणी लेफ्लॅटच घ्या, म्हणजे पानं पूर्ण सपाट उघडणारी. पानं कण्याला चिकटवलेल्या साध्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये आतल्या बाजूचा सुमारे एक सेंटिमीटर भाग दिसतच नाही. ग्रुप फोटो दोन पानांवर पसरला तर मधल्यांचे चेहरे त्यात जातात. फोटो आपोआप मांडणारं ‘ऑटो लेआउट’ तर चौकटीत बसवायच्या नादात फोटोच्या कडाही कापतं. पुढे पुढे न करणारी माणसं अशा फोटोंत कडेलाच उभी असतात, म्हणून प्रत्येक पान हातानेच लावा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची फाइल दाबून लहान केलेली असते. मोठी बाजू १६०० पिक्सेल असेल, तर ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर छपाई नीट येते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. शाळेच्या कागदी फोटोतला चेहरा सेंटिमीटरभर असतो. तो मोठा करायचा तर १२०० डीपीआयला स्कॅन करा, तरी चार सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढला तर वरचा थर फाटतो. तो तसाच, सावलीत, वरून सरळ टिपावा. मोबाइलच्या उजळ पडद्यावर ठीक दिसणारा फोटो कागदावर काळपट उतरतो, त्यामुळे थोडा उजळून मगच अपलोड करा.

सर्वांत मोठी अडचण मराठी मजकुराची. काही सेवांच्या एडिटरमध्ये जोडाक्षरं सुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. मजकूर बाहेर युनिकोडमध्ये टाइप करून, पान ३०० डीपीआयची प्रतिमा म्हणून चढवा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच पेस्ट केलात तर नुसती निरर्थक चिन्हं दिसतील.

आणि मजकूर मागवताना ‘दोन शब्द लिहा’ असं म्हणू नका. ‘स्वभावाने फार चांगला’ हेच वाक्य पानोपानी येतं आणि त्यातून तो माणूस दिसत नाही. एकच प्रसंग मागा, ऐंशी-शंभर शब्दांत. ‘मला कावीळ झाली तेव्हा त्याने वहीत कार्बन पेपर घालून भूगोलाच्या नोट्स माझ्यासाठी उतरवल्या’, एवढं पुरे. त्याच्या हस्ताक्षरातलं एखादं पान सापडलं तर मूळ आकारातच छापा. आजारपणातले फोटो आणि खाजगी चॅट घरच्यांना विचारल्याशिवाय नकोत.

शेवटी दोन पानं कोरी हवी असतील तर मॅट, म्हणजे चकाकी नसलेला कागद निवडा. ग्लॉसीवर पेनाची शाई फिसकटते. आधी एकच प्रत मागवा, नावाचं शुद्धलेखन आणि तारखा घरच्या माणसाकडून तपासून घ्या, मगच बाकीच्या प्रती. काही सेवा ठरावीक मुदतीनंतर प्रोजेक्ट पुसून टाकतात. मूळ फोटो आणि तयार पानांची पीडीएफ ग्रुपमधल्या दोघा-तिघांकडे ठेवा, म्हणजे पुढे कुणाला प्रत हवी झाली तर छापता येईल.