बाहेरच्या हार्डडिस्कवर लिनक्स : आठ महिन्यांनंतर

लॅपटॉप दादाचा. त्यानं पुण्यात नवा घेतला आणि हा जुना दारव्ह्याजवळ आमच्या गावी धाडला, पण अट घालून: आतल्या विंडोजला हात लावायचा नाही. त्यात त्याचं टॅली आहे आणि दिवाळीला आला की त्याला ते लागतं. पाचव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज 11 यावर अधिकृतपणे चढत नाही, 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता. मग जूनमध्ये पेरणी आटोपल्यावर घरात पडून असलेल्या 1 टीबीच्या हार्डडिस्कवर लिनक्स मिंट 22 ची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या सिस्टिमची, हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली.

पहिल्याच खेपेला फसलो. बूटलोडरसाठी, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी, बाहेरची डिस्क निवडली आणि निश्चिंत झालो. पण यूईएफआय मशीनवर (अलीकडचे लॅपटॉप याच पद्धतीनं सुरू होतात) इन्स्टॉलर बरेचदा आतल्या डिस्कवरचं ईएफआय पार्टिशनच, म्हणजे बूटलोडर ठेवायचा छोटा कप्पाच, धरतो. हार्डडिस्क काढून लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर लिनक्सच्या बूटलोडरचं नुसतं नाव, ‘ग्रब’, आणि लुकलुकणारा कर्सर. पोटात गोळाच आला. विंडोज शाबूत होतं, बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडल्यावर उघडलं, तेव्हा कुठे जेवण गेलं. दुसऱ्यांदा बाहेरच्या डिस्कवर 512 एमबीचं वेगळं ईएफआय पार्टिशन केलं. इन्स्टॉलच्या आधी जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्राममध्ये आतल्या ईएफआय पार्टिशनचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ फ्लॅग, म्हणजे त्याची ओळख सांगणाऱ्या खुणा, काढले, काम झाल्यावर परत लावले. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, सुरू होण्याच्या क्रमात बाहेरची डिस्क वर, विंडोज तिच्याखाली. तेव्हापासून डिस्क लावली की लिनक्स, काढली की दादाचं विंडोज.

वेगाबद्दल खोटं बोलत नाही. सुरू व्हायला दोन मिनिटं, फायरफॉक्सची पहिली खिडकी उघडेस्तोवर चहा गाळून होतो. निळं यूएसबी 3 पोर्ट वापराच, पण त्यानं चमत्कार होत नाही. ही फिरणारी चकती आहे. हजार बारक्या फायलींसाठी तिचा काटा हजार ठिकाणी धावतो, त्याला पोर्ट काय करणार? एकदा उघडलं की मात्र चालतं. झेडरॅम टाकल्यावर, म्हणजे रॅममध्येच डेटा दाबून बसवायची सोय केल्यावर, अडकणं बरंच कमी झालं. कापूस वेचाईचा किलोवारी हिशोब लिब्रेऑफिसात, मराठी टायपिंग इन्स्क्रिप्ट कीबोर्डनं. मोबाइलचं इंटरनेट यूएसबीनं जोडलं, तर ड्रायव्हर शोधावा लागला नाही.

दिवाळीला दादानं सकाळी विंडोज उघडलं. “काय केलं बे माह्या लॅपटॉपले? नऊ वाजले न हे साडेतीन दाखवते!” लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्समधल्या ‘टाइमडेटसीटीएल’च्या एका आज्ञेनं मिटलं, बोलणी मात्र भाऊबीजेपर्यंत खाल्ली.

खरा त्रास केबलचा. हार्डडिस्कच्या बाजूचं ते रुंद, चपटं टोक जरा हललं तरी संपर्क तुटतो, आणि इथे तर अख्खी सिस्टिमच त्या वायरवर लटकलेली. नोव्हेंबरात दोन्ही खोल्यांत कापूस भरलेला, मी बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलेलो. पोरगं बाजेवर चढलं, धक्का बसला, आणि पडद्यावर ‘इनपुट/आउटपुट एरर’. माउस हलतो, पण काही उघडत नाही, सेव्ह होत नाही. बटण दाबून बंद केला. पुन्हा सुरू करताना डिस्कवरच्या चुका तपासून दुरुस्त करणारं एफएसचेक हातानं चालवावं लागलं. फायली वाचल्या, त्या दिवसाची वेचाई मात्र बायांना विचारून परत लिहिली. आता सायकलच्या ट्यूबच्या रबरानं केबल आणि डिस्क एकत्र बांधतो, डिस्क लॅपटॉपच्या झाकणामागे चिकटपट्टीनं लावली आहे. दिसायला गबाळं आहे, पण त्यानंतर एकदाही तुटलं नाही.

लाइन गेली तर काम थांबत नाही, डिस्कला लॅपटॉपच्याच बॅटरीतून वीज मिळते. पण तेवढीच बॅटरी लवकर उतरते. माझी दोन तासांची दीडवर आली. रात्रपाळीची लाइन असते त्या आठवड्यात ओलिताला जाण्याआधी चार्जिंगला लावून जातो.

फेब्रुवारी संपत आला. दुपारी डिस्कला हात लावला तर आताच कोमट लागते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. कापसाचे पैसे आले की एसएसडी, म्हणजे फिरणारी चकती नसलेली डिस्क, घेणार आहे, तोवर दर रविवारी हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवतो.