जुनी मस्टँग घ्यावी की होंडा सीबी ७५०?

अमेरिकेत गॅरेजमध्ये एका जुन्या गाडीपुरती जागा झाली, की आपली मंडळी बऱ्याचदा या दोन नावांपाशी अडतात: १९६५-६६ची फोर्ड मस्टँग ही कार, नाहीतर १९७०च्या आसपासची होंडा सीबी ७५० ही मोटरसायकल. दोन्ही भरपूर खपल्या, त्यामुळे आजही सापडतात. बघायला जाताना पाण्याची बाटली सोबत न्या.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली आणि पहिल्याच वर्षात चार लाखांहून जास्त विकली गेली. सुटे भाग आजही नवे मिळतात, इंजिन साधं आहे. तिला खातो तो गंज. समोरच्या काचेखाली हवेची जाळी असते. तिच्यातून पावसाचं पाणी आतल्या पोकळीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथला पत्रा कुजत राहतो. वरचा रंग मात्र चकचकीत! त्या जाळीत बाटली रिकामी करा आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली वाका. पायाशी थेंब टपकला, तर मी ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेणार नाही. त्या दुरुस्तीला पुढची मडगार्डं उतरवून वेल्डिंगचे टाके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. घरी जमणारं काम नव्हे ते.

आणखी एक. १९६७च्या आधीच्या मस्टँगला ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा भाग, एकेरी आहे. एका ठिकाणी गळती झाली, की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी बसवून मिळतो, तो आधी बसवा. सीटबेल्टही फक्त कमरेचे. मुलं मागे बसणार असतील तर हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

होंडाचं सगळं उघड्यावर असतं. १९६९ साली १,४९५ डॉलरला चार सिलिंडर, ७३६ सीसी, सेल्फ स्टार्ट आणि पुढे डिस्क ब्रेक! इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. मिनिटभराने इंजिनालगत चारही एक्झॉस्ट पाइपांवर पाण्याचे चार-चार थेंब टाका. तिघांवर चुर्र होऊन चौथ्यावरून पाणी तसंच ओघळलं, तर तो सिलिंडर पेटत नाहीये. बऱ्याचदा शिळ्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, बसलेला असतो. चारही कार्ब्युरेटर उतरवून धुणं, मग व्हॅक्यूम गेज लावून एकमेकांशी जुळवणं किचकट आहे, पण घरच्या घरी होतं. टाकीतही टॉर्च मारून गंज बघा.

पहिल्यांदाच जुन्या यंत्रात हात घालत असाल तर माझं मत होंडाला. घरच्यांना घेऊन रविवारी फिरायचं असेल तर मस्टँग. तीही ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली शोधा, जिथे बहुतेक भागात बर्फ वितळवायला रस्त्यावर गंज चढवणारं मीठ टाकत नाहीत.

मात्र पुण्यात स्कूटर चालवली होती, एवढ्या भांडवलावर होंडा घेऊ नका. पेट्रोल-ऑइल न धरता ती २१८ किलोंची आहे. आधी मोटरसायकलचं रीतसर प्रशिक्षण घ्या, लायसन्सवर तशी नोंद करून घ्या, मगच विकणाऱ्याला फोन करा.