दूध संस्थेच्या हिशोबासाठी एसक्यूलाइट: पाच वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या गावातील दूध संस्थेत दिवसातून दोन वेळा संकलन होते. प्रत्येक सभासदाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन पदार्थ) यांची नोंद काट्याजवळच्या संगणकावर त्याच क्षणी व्हावी लागते, कारण त्यावरूनच दर ठरतो आणि दहा दिवसांचे बिल निघते. ऐन संकलनाच्या वेळी वीज जाणे ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. पूर्वीचा प्रोग्रॅम नोंदी साध्या फाइलमध्ये लिहीत असे. वीज गेल्यावर ती फाइल अर्धवट राहिली आणि सभासदांकडच्या पावत्या गोळा करून संपूर्ण सकाळचे संकलन पुन्हा भरावे लागले, असे दोनदा घडले. २०२० मध्ये मी तो प्रोग्रॅम नव्याने लिहिला, तेव्हा साठवणीसाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस निवडला. त्यानंतर वीज असंख्य वेळा गेली, पण कमिट झालेली, म्हणजे डेटाबेसने पक्की केलेली, एकही नोंद त्यामुळे हरवलेली नाही.

एसक्यूलाइट म्हणजे वेगळा चालवावा लागणारा सर्व्हर नव्हे. ती सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, असून आपल्या प्रोग्रॅममध्येच सामावते आणि सगळा डेटा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये ठेवते. डी. रिचर्ड हिप २००० साली अमेरिकी नौदलाच्या विनाशिकांसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत असताना, डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅमही निरुपयोगी ठरत असे. सर्व्हरच नसलेल्या डेटाबेसची कल्पना त्या अडचणीतून आली. आज अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये तोच डेटाबेस आहे. त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा असल्याने शुल्काचा प्रश्न येत नाही. मात्र तो लिहिणारे प्रोग्रॅमर मोजकेच आहेत आणि बाहेरून पाठवलेला कोड ते सहसा स्वीकारत नाहीत. इतक्या थोड्या माणसांच्या कामावर एवढा विश्वास का ठेवावा, याचे उत्तर त्यांच्या चाचणीच्या पद्धतीत आहे, आणि माझ्या मते या उत्पादनाचे खरे मोल तिथेच आहे.

विमानातील सॉफ्टवेअरसाठी २००९ च्या सुमारास डीओ-१७८बी हे मानक होते. त्याच्या सर्वांत कडक पातळीवर चाचणीची जी अट असे, ती हिप यांच्या गटाने २००९ मध्ये एसक्यूलाइटच्या गाभ्यासाठी पूर्ण केली आणि तेव्हापासून सांभाळली आहे. ही अट आमच्याच कामातल्या उदाहरणाने सांगता येईल. ‘फॅट ३.५ पेक्षा कमी किंवा एसएनएफ ८.५ पेक्षा कमी असेल, तर दर कापावा’ असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिला, तर बहुतेक प्रोग्रॅमर एक चांगले आणि एक कमी प्रतीचे दूध घालून पाहतात आणि पुढच्या कामाला लागतात. या मानकानुसार तेवढे पुरत नाही. फक्त फॅट कमी असताना दर कापला जातो का आणि फक्त एसएनएफ कमी असताना कापला जातो का, हे वेगवेगळे दाखवावे लागते. म्हणजे प्रत्येक अट एकटीच्या बळावर निकाल बदलू शकते, हे सिद्ध व्हावे लागते. एसक्यूलाइटच्या ३.४२ या आवृत्तीत लायब्ररीचा कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा होता आणि चाचण्यांचा कोड सुमारे ९ कोटी २० लाख ओळींचा, म्हणजे ५९० पट.

या चाचण्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती बिघाडांची चाचणी. मेमरी मागणारी पहिली विनंती मुद्दाम नाकारली जाते, मग दुसरी, मग तिसरी, आणि संपूर्ण काम निर्विघ्न पार पडेपर्यंत हा क्रम चालू राहतो. डिस्कच्या चुकांचेही तसेच. वीज जाण्याची नक्कल करताना लिखाण मध्येच तोडले जाते, डिस्कवर पक्के न झालेले भाग उलटसुलट क्रमाने किंवा खराब करून टाकले जातात, आणि नंतर फाइल उघडून ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र व्हायच्या बदलांचा गट, पूर्ण झाले आहे की पूर्णपणे मागे घेतले गेले आहे, हे तपासले जाते. आमच्या काट्याजवळ वीज जाते तेव्हा नेमके हेच घडते. तो प्रसंग कोणीतरी आधीच असंख्य वेळा घडवून पाहिलेला आहे, याचा आधार मला मोठा वाटतो.

तरीही संपूर्ण चाचणी झाली म्हणजे चुका संपल्या, असे नाही, आणि हे या प्रकल्पाच्याच इतिहासात दिसते. २०१५ मध्ये मिखाल झालेव्स्की यांनी त्यांचे एएफएल हे फझिंगचे साधन, म्हणजे वेडेवाकडे इनपुट आपोआप तयार करून प्रोग्रॅमवर सोडणारे साधन, एसक्यूलाइटवर चालवले आणि २२ बग शोधून काढले. गाभ्यातील कोडची प्रत्येक फांदी, म्हणजे अटीनुसार फुटणारी वाट, तोवर तपासलेली होती; तरी दुष्ट हेतूने रचलेल्या इनपुटच्या सगळ्या शक्यता तपासल्या गेल्या नव्हत्या. त्यानंतर फझिंग हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झाला. यात एक पेच आहे, आणि तो त्यांनी स्वतःच्या दस्तऐवजात मोकळेपणाने मांडला आहे: कोडची प्रत्येक फांदी चाचणीत चाललीच पाहिजे असा आग्रह धरला, तर कधीच न घडणाऱ्या प्रसंगासाठी लिहिलेला बचावाचा कोड नकोसा वाटतो, आणि फझिंगला तर तसाच कोड हवा असतो. एखादा बग सापडला की तो पकडणारी चाचणी लिहिल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण मानायची नाही, हा त्यांचा नियम मी माझ्या छोट्या प्रोग्रॅमलाही लावला आहे.

आता उणिवा. कोड ठरल्याप्रमाणे वागतो की नाही, हे चाचणी सांगते. जे ठरवले ते योग्य होते का, हे सांगत नाही. एसक्यूलाइटमध्ये कॉलमचा प्रकार संख्या असा ठरवला, तरी संख्येत न बदलणारा मजकूर त्यात मुकाट्याने जाऊन बसतो. एका सचिवांनी फॅटच्या रकान्यात देवनागरी आकड्यांत ‘६.५’ लिहिले. ते मजकूर म्हणून साठवले गेले, बेरजेत शून्य धरले गेले आणि त्या सभासदाची सरासरी फॅट घसरली. हे वर्तन दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे चूक माझ्या प्रोग्रॅमचीच होती. तरीही स्वयंचलितपणे अडवणारा डेटाबेस मला अधिक पसंत पडला असता. २०२१ च्या अखेरीस आलेल्या स्ट्रिक्ट टेबलमुळे, म्हणजे ठरलेल्या प्रकारात न बसणारी नोंद नाकारणाऱ्या टेबलमुळे, ही पळवाट बंद करता येते, पण ते आपण मागावे लागते. टेबलांमधील संबंध राखणारी फॉरेन कीची तपासणीही जुन्या प्रोग्रॅमच्या सोयीसाठी मुळात बंद असते आणि प्रोग्रॅमच्या डेटाबेसशी होणाऱ्या प्रत्येक जोडणीच्या वेळी ती चालू करावी लागते. सभासदांची यादी नावानुसार लावली, तर ळ हे अक्षर ह नंतर न येता ल आणि व यांच्यामध्ये येते, कारण क्रम युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, अंकांनुसार लागतो.

दुसरा प्रसंग बॅकअपचा. वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग ही पद्धत चालू असताना ताज्या नोंदी काही काळ शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. प्रोग्रॅम चालू असतानाच कोणीतरी फक्त मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर नेली आणि त्या प्रतीत संध्याकाळचे संकलन आलेच नाही. मूळ संगणकावर सर्व नोंदी सुरक्षित होत्या. एसक्यूलाइटमध्ये चालू डेटाबेसची सुसंगत प्रत काढण्याची स्वतंत्र सोय आहे. ती मला माहीत असूनही मी प्रोग्रॅममध्ये बटण दिले नव्हते, म्हणून माणसांनी आपल्याला येते ते केले. बटण दिल्यापासून ही तक्रार आलेली नाही.

एका काट्यासाठी, एका दुकानासाठी किंवा मोबाइलवरील अॅपसाठी मी एसक्यूलाइट निःशंकपणे सुचवीन. मात्र एका वेळी एकाच जोडणीला लिहिता येत असल्यामुळे, तालुक्यातील अनेक केंद्रांतून एकाच डेटाबेसमध्ये सतत नोंदी जाणार असतील, तर पोस्टग्रेसक्यूएलसारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यावा. त्याचप्रमाणे नेटवर्कवर सामायिक केलेल्या फोल्डरमध्ये एसक्यूलाइटची फाइल ठेवू नये, कारण तेथे फाइल लॉक करण्याची, म्हणजे एकाचे लिहिणे चालू असताना दुसऱ्याला थांबवण्याची, व्यवस्था भरवशाची नसते. एसक्यूलाइटला २०५० पर्यंत आधार देण्याचा मानस निर्मात्यांनी जाहीर केला आहे, आणि २००४ मध्ये ठरलेल्या फाइल रचनेतील जुन्या फाइल आजच्या आवृत्तीतही उघडतात. सभासदांच्या खात्यांचा इतिहास वर्षानुवर्षे सांभाळावा लागणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेला हे फार महत्त्वाचे वाटते.