वीस वर्षांनंतर हवाई दल: वरचे पद की प्रवासी विमानाचे कॉकपिट

ठाण्यातल्या कोलशेतला आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका काकांचा मुलगा हवाई दलात मालवाहू विमाने उडवतो. पुढच्या वर्षी त्याच्या सेवेला २० वर्षे पूर्ण होतील. पेन्शनचा हक्क याच टप्प्यावर मिळतो आणि म्हणून प्रश्नही याच टप्प्यावर उभा राहतो: पेपर टाकून, म्हणजे मुदतीआधी निवृत्ती मागून, नागरी विमानसेवेत जावे, की थांबून ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर या पायऱ्या चढाव्यात? मी विंग कमांडर असताना हाच निर्णय घेतला होता, म्हणून काकांनी मला विचारले. पगाराचे तक्ते आणि कॅन्टीनच्या सोयी प्रत्येक सेवारत अधिकाऱ्याला पाठ असतात, त्यामुळे त्यांत मी शिरत नाही.

थांबण्याची बाजू बाहेरून वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. विंग कमांडरपर्यंतची बढती १३ वर्षांच्या सेवेने मिळते. त्यानंतर निवड मंडळ, वार्षिक गोपनीय अहवाल, तमिळनाडूतल्या वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स झाला की नाही, अशा गोष्टी बोलू लागतात आणि जागा भराभर कमी होतात. ज्याला मंडळाने निवडले नाही त्याला २६ वर्षांनी टाइम स्केलवर, म्हणजे केवळ सेवेच्या वर्षांवर, ग्रुप कॅप्टनचे पद मिळते खरे, पण त्या पदाचा आणि निवडून आलेल्या पदाचा फरक मेसमधल्या नव्या फ्लाइंग ऑफिसरलाही कळतो. ज्यांना ही वाट लाभते त्यांच्या हाती मात्र अख्खे स्टेशन, म्हणजे हवाई तळ, येते: धावपट्टी, विमाने, शाळा, दवाखाना आणि शेकडो कुटुंबांची जबाबदारी. या तोडीचे काहीही प्रवासी विमान कंपनी वैमानिकाला देऊ शकत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. नांदेड जिल्ह्यातून आलेले विवेक राम चौधरी १९८२ मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाले आणि २०२१ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. एकोणचाळीस वर्षांच्या त्या चढणीकडे पाहून कोणाही मराठी अधिकाऱ्याची छाती फुगेल. लढाऊ विमानांच्या बाहेरच्यांसाठी शेवटच्या पायऱ्या अधिकच अरुंद असतात, हे मात्र लक्षात ठेवावे. हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक प्रथमच प्रमुखपदी पोहोचला तो २००७ मध्ये, फली होमी मेजर यांच्या रूपाने.

पण त्याच कारकिर्दीतला एक आकडा मला नेहमी विचारात पाडतो. चौधरी यांच्या नावावर ३,८०० तासांहून अधिक उड्डाण आहे. नागरी वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त १,००० तास उडता येते, म्हणजे केवळ बेरीज पाहिली तर हे चार वर्षांचे काम झाले. ही तुलना अन्यायाची आहे, कारण लढाऊ विमानाची एक सॉर्टी, म्हणजे उड्डाणफेरी, तासाभराची असते आणि त्या तासात जे घडते ते मुंबई-दिल्ली मार्गावर वर्षभरात घडू नये अशीच प्रवाशांची इच्छा असते. तरीही पद जसे चढते तसे उड्डाण उतरते, एवढे त्यातून दिसतेच.

माझा निर्णय याच जागी झाला. ईशान्येला एएन-३२ हे मालवाहू विमान उडवत असताना एका वर्षात माझे साडेतीनशेच्या वर तास झाले होते. अरुणाचलमधल्या मेचुकासारख्या दरीतल्या धावपट्टीवर पोती, डिझेल, कधी आजारी माणसे अशी ने-आण चालायची आणि परतताना ढग खाली येण्याआधी निघायची घाई असायची. नंतर एका मुख्यालयात टेबलावर बदली झाली. काम महत्त्वाचे होते, वरिष्ठही चांगले होते. पण करन्सी, म्हणजे उड्डाणाचा चालू सराव, टिकवण्यासाठी अधूनमधून एखाद्या युनिटमध्ये जाऊन काही तास उडावे लागे, आणि त्यासाठी आधी रजेच्या अर्जासारखी परवानगी, मग तिथल्या विमानाची उपलब्धता, मग हवामान. अशाच एका फेरीत माझ्या शेजारी एक फ्लाइट लेफ्टनंट, माझ्याहून बराच कनिष्ठ, बसला होता. माझे लँडिंग जरा जोरात झाले. त्याने चूक काढली नाही, अतिशय अदबीने एवढेच म्हणाला, "सर, अजून एक सर्किट घेऊ या?" सर्किट म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरणे. त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि तेच मला लागले. ज्या कॉकपिटमध्ये मी घरचा होतो तिथे पाहुणा झालो होतो, आणि पुढची प्रत्येक बढती मला आणखी लांबचा पाहुणा करणार होती. त्या वर्षी माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, ३१ तास भरले. पुढच्या वर्षी मी पेपर टाकले.

बाहेर सगळे गोड आहे असे कृपया समजू नये. चाळिशी उलटल्यावर मी नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम) यांच्या नागरी परवान्यासाठीच्या परीक्षा दिल्या आणि रेग्युलेशन्सला पहिल्या प्रयत्नात नापास झालो. टाइप रेटिंगनंतर, म्हणजे त्या जातीचे विमान उडवण्याची पात्रता मिळाल्यावर, उजव्या, सहवैमानिकाच्या सीटवर बसलो तेव्हा डावीकडचा कमांडर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान होता. तिथली ज्येष्ठता कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते, जुन्या पदाला कोणी विचारत नाही. पहाटे साडेतीनला गाडी दाराशी उभी राहते, आणि घोडबंदरकडे राहणाऱ्या सहकाऱ्यांना तर रात्रीच्या अवजड वाहनांमुळे आणखी आधी उठावे लागते. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाल्याने खारघर, पनवेलकडच्यांची थोडी सोय झाली असावी. शिवाय ७ नोव्हेंबर २०१५ च्या आदेशानुसार, त्यानंतर स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्यांना 'एक पद, एक निवृत्तिवेतन' (जुन्या निवृत्तांचे पेन्शन वेळोवेळी वाढवून नव्यांच्या बरोबरीला आणण्याची योजना) लागू होत नाही. हा तोटा पुढे वर्षानुवर्षे वाढत जातो, म्हणून हिशेबात तो आधीच धरावा. उलट बाजूला, मिलिटरी सर्व्हिस पेचे (सैनिकी सेवेच्या वेतनाचे) दरमहा १५,५०० रुपये एअर कमोडोरपर्यंतच मिळतात, एअर व्हाइस मार्शल झाल्यावर ते थांबतात. बढतीची ही गंमत फारशी कोणी सांगत नाही.

वयाचे गणित मात्र मला एकतर्फी वाटते. निवडीत मागे राहिलेला वैमानिक चोपन्नच्या आसपास निवृत्त होतो, तर नागरी विमान ६५ पर्यंत उडवता येते. चोपन्नाव्या वर्षी, मधली दहा वर्षे टेबलावर घालवून, पुन्हा उजव्या सीटसाठी रांगेत उभे राहणे कितपत जमेल, याबद्दल मला शंका आहे. माझ्या कोर्समधले दोघे थांबले. एक एअर कमोडोर झाला आणि समाधानी आहे, दुसऱ्याशी हा विषय मी काढत नाही.

काकांच्या मुलाला मंडळाची खात्री वाटत असेल आणि माणसे सांभाळण्यात त्याचे मन रमत असेल, तर त्याने थांबावे. असे अधिकारी दलाला हवेच असतात. तो गेल्या रविवारी सुट्टीवर आला होता. मी त्याला फक्त एवढेच विचारले, की गेल्या बारा महिन्यांत लॉगबुकात किती तास भरले. त्याने खिडकीबाहेर खाडीकडे पाहिले, जरा वेळाने "चाळीसच्या आत" असे उत्तर दिले, आणि मग एअर रेग्युलेशन्सच्या पेपरसाठी कोणते पुस्तक वापरले होते ते विचारले.