बोर्ड ए६२० की बी६५०, एसएमपीएस ५५० वॅट की ७५०: पैसे कुठे घालावे?

घरी पीसी जुळवताना बहुतेकांचा हिशेब प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डापासून सुरू होतो. उरलेल्या पैशांत बोर्ड (मदरबोर्ड), आणि त्यातूनही काही शिल्लक राहिलं तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. हा क्रम शेवटी उलटा करावा लागतो. बोर्डावर हात आखडता घेतला तर बहुधा निभावतं, एसएमपीएसवर घेतला तर निभावत नाही. उदाहरणासाठी रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०६० ग्राफिक कार्ड अशी मधल्या बजेटची जोडी धरू.

बोर्ड

ए६२० आणि बी६५० हे एएमडीच्या प्रोसेसरसाठीचे बोर्ड. दोन्हींचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एकच, एएम५. रॅम दोन्हीकडे डीडीआर५, त्यामुळे जुन्या पीसीतली डीडीआर४ विसरा. ग्राफिक कार्डाचा मुख्य स्लॉट दोन्हीकडे पीसीआय एक्सप्रेस ४.० चा असतो (५०६० त्यातल्या आठच लेन वापरतं), आणि एक्सपो (रॅमची वेगवान सेटिंग) चालू करून ६००० वेगाची रॅम दोन्हीवर लावता येते. थोडक्यात, ही जोडी ए६२० वर आहे म्हणून गेममध्ये फ्रेम घटत नाहीत. फरक आहे तो असा:

| | ए६२० | बी६५० |
|---|---|---|
| प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) | नाही | आहे |
| एम.२ स्लॉट (एसएसडीसाठी) | बहुधा १, काहींवर २ | २ किंवा ३ |
| रॅमचे स्लॉट | बहुधा २ | २ किंवा ४ |
| व्हीआरएमवर हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) | स्वस्त बोर्डांवर नसतो | बहुधा असतो |

यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरला चालतील अशा सव्वा-एक व्होल्टवर आणायचं काम सॉकेटशेजारचं व्हीआरएम करतं, आणि त्यात ते तापतं. ७६०० वर '६५ वॅट' लिहिलेलं असलं तरी तो सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढतो. एवढं उघडं व्हीआरएमही पेलतं. ७९५०एक्सची मर्यादा मात्र २३० वॅट आहे. असा प्रोसेसर हीटसिंक नसलेल्या बोर्डावर बसवून दोन तास व्हिडिओ रेंडर केला की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग पाडतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच चाळिशीच्या आसपास असते, तिथे हे आणखी लवकर होतं. म्हणून पुढे मोठा प्रोसेसर टाकायचा विचार असेल तर आजच बी६५०. नसेल तर ए६२० पुरे, फक्त कंपनीच्या सपोर्ट लिस्टमध्ये आपल्या प्रोसेसरचं नाव आहे ना, हे पाहून घ्या.

चार रॅम स्लॉटचं आकर्षण मात्र सोडा. दोन स्टिकवर ७६०० ला अधिकृतपणे ५२०० चा वेग मिळतो. चार लावल्या की तो ३६०० वर येतो. ३२ जीबी हवी तर १६-१६ च्या दोन घ्या आणि चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, कारण बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. इथे घाबरून बटण दाबणारे पुष्कळ असतात. दहा मिनिटं हात लावू नका.

बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून देणारं फ्लॅशबॅकचं बटण ही अशी गोष्ट आहे की तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत. एएम५ आला २०२२ मध्ये, रायझन ९००० मालिका २०२४ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि पीसी सुरूच होत नाही. बटण असेल तर प्रोसेसरशिवायही काम होतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, बायोसच्या फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्या, खुणेच्या यूएसबी पोर्टमध्ये लावा, बटण काही सेकंद दाबून धरा आणि दिव्याची उघडझाप थांबेपर्यंत वीज जाऊ देऊ नका.

एसएमपीएस

आधी बेरीज करू. प्रोसेसर ८८, कार्ड १४५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून साधारण ५५. झाले २९० वॅटच्या आसपास. म्हणजे चांगला ५५० वॅट भरपूर झाला. ७५० तेव्हाच घ्या, जेव्हा वर्ष-दोन वर्षांत आरटीएक्स ५०७० सारखं २५० वॅटचं कार्ड येणार असेल. त्या कार्डाला एनव्हिडिया ६५० वॅटची शिफारस करते.

पण 'चांगला' कसा ओळखायचा? खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच खातात. ५५० वॅटच्या प्रामाणिक युनिटवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास असतात: ४५ गुणिले १२, म्हणजे ५४०. आता कॅबिनेटसोबत 'फुकट' येणारा ४५० वॅटचा डबा घ्या. तिथे १८ अँपिअर लिहिले असतील तर हाती लागतात २१६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात, जिथे आजच्या पीसीला त्यांची गरजच नाही. असा पीसी डेस्कटॉपवर दिवसभर ठणठणीत चालतो आणि गेम सुरू झाला की धाडकन बंद पडतो. मग दोष कार्डाला दिला जातो.

ब्राँझ की गोल्ड, म्हणजे कार्यक्षमतेचा कोणता शिक्का? विजेच्या बिलाचं कारण पुढे करून गोल्ड विकला जातो, तर तो हिशेबही करून पाहू. २९० वॅट लोडवर ब्राँझ ८५ टक्के धरला तर भिंतीतून ३४१ वॅट जातात, गोल्ड ९० टक्के धरला तर ३२२. रोज चार तास वापर असेल तर वर्षाला २८ युनिट वाचतात. १० रुपये दराने २८० रुपये. एवढ्यावर किमतीतला फरक भरून यायला वर्षं लागतील. गोल्डचा खरा फायदा दुसरीकडे आहे: उष्णता कमी, पंखा शांत आणि वॉरंटी बहुधा ७ ते १० वर्षं. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे; ओव्हरकरंट आणि शॉर्ट सर्किटचं संरक्षण आहे का, ते वेगळं तपासावं लागतं.

यूपीएस असेल तर आणखी एक आकडा बघा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. वरचे ३४१ आणि मॉनिटर धरला की तो गेम चालू असताना हात टेकतो. १००० व्हीएचा घ्या. शिवाय काही एसएमपीएसना बॅटरीवरची चौकोनी लहर मानवत नाही आणि वीज गेल्या क्षणी पीसी बंद होतो. नवीन जोडणी झाल्यावर गेम चालू ठेवून मेन स्विच एकदा मुद्दाम पाडून बघा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलू नका, आधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. आतल्या फिल्टरची गळती अर्थिंगमधून जायची असते; ते नसेल तर ती पत्र्यावर येते.

जोडताना दोन चुका महागात पडतात. प्रोसेसरची ८ पिन (४+४) आणि कार्डाची ८ पिन (६+२) दिसायला सारख्या, पण आतली वायरिंग उलटी. जोर लावून बसवू नका. आणि मॉड्युलर (केबल सुट्या निघतात असा) एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या केबल कधीही वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूचे पिन प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की एसएसडी गेली.

ग्राफिक कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचं असेल तर ७६०० मध्ये अंगचं ग्राफिक आहे, तेवढ्या काळापुरतं मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावा. बोर्डावर तो पोर्ट आहे ना, ते विकत घेण्यापूर्वी बघा. एसएमपीएस मात्र पुढच्या कार्डाचा विचार करून आताच पूर्ण क्षमतेचा घ्या.