अमेरिकेतल्या होपी आदिवासींचं मडकं घ्यायचंय: जुनं की आत्ताचं?

जुनं म्हणजे तिथली नावाजलेली कुंभारीण नाम्पेयो हिच्या काळातलं, ती १९४२ मध्ये गेली, सिक्यात्की या ओस पडलेल्या होपी गावाच्या जुन्या खापरांवरची नक्षी तिनेच परत जिवंत केली आणि ते रंग बघितले की खरंच जीव अडकतो, पण ती सही करत नव्हती आणि नजर गेल्यावर रंगकाम घरातली माणसं करायची, त्यामुळे नक्की तिचंच का हे जाणकारच सांगणार. पैसेही भरपूर.

मी तरी आत्ताचं घेईन. ॲरिझोनात फर्स्ट मेसा या होपी वस्तीच्या पठारावर, थेट कुंभारणीकडून. चाक नाही, मातीच्या वळ्या रचून घडवलेलं, युका या रानझुडपाच्या पानाच्या ब्रशने रंगवलेलं, मेंढीच्या लेंड्यांच्या जाळात उघड्यावर भाजलेलं! त्या जाळाने अंगावर जी केशरी झाक उमटते ना, तिला डाग समजू नका. तळाला सही बघा.