डीप (DEAP): जेनेटिक अल्गोरिदम (जीए) शिकायचाय की नुसता मिनिमम हवाय?

डीप ही पायथनची लायब्ररी कॅनडातल्या क्युबेकच्या लाव्हाल विद्यापीठातून आली. फुकट आहे, सोर्स खुला आहे आणि आमच्या लॅबमधल्या जुनाट पीसींवरही कुरकुर न करता चालते. मी मेकॅनिकलच्या पोरांना ऑप्टिमायझेशन, म्हणजे उत्तमातलं उत्तम उत्तर शोधणं, शिकवतो. जेनेटिक अल्गोरिदम (जीए) उत्तरांचा एक घोळका घेऊन पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड, सरमिसळ आणि किरकोळ बदल करत जातो; त्याचं प्रॅक्टिकल मी हिच्यावरच घेतो.

आमचं फंक्शन ठरलेलं: रास्ट्रिजिन, अशा पद्धतींची परीक्षा घ्यायला वापरतात ते. त्याची सगळ्यात कमी किंमत, म्हणजे मिनिमम, शोधायची. प्रत्येक चल −५.१२ ते ५.१२ मध्ये, सगळे चल शून्य केले की किंमत शून्य. तोच खरा तळ. पण भोवती खड्डेच खड्डे. एका चलाला ११, म्हणजे दहा चलांना ११ चा दहावा घात, अडीच हजार कोटींच्या वर! उतार बघून खाली जाणारी पद्धत जिथे सोडाल तिथल्याच खड्ड्यात जाऊन बसते. जीए त्यातून वाट काढतो, पण दर वेळी नाही. ‘सर, ०.९९५ वर अडकलं’ असं कुणी म्हणालं की कोड न बघता सांगता येतं: नऊ चल जागेवर आलेत, एक शेजारच्या, १ किंवा −१ जवळच्या खड्ड्यात आहे. १.९९ आलं तर असे दोन. ३.९८ ला मात्र पंचाईत. चार चल शेजारी गेलेत की एकच चल २ जवळच्या खड्ड्यात पडलंय, हे व्हेक्टर, म्हणजे दहाही चलांच्या किमती, छापल्याशिवाय कळत नाही. व्हायव्हाला हा प्रश्न मी हमखास विचारतो.

आता खटकणाऱ्या गोष्टी. फिटनेस (उत्तर किती चांगलं याचा आकडा) टपल म्हणून, म्हणजे पायथनच्या कंसातल्या यादीसारखाच परत द्यावा लागतो, त्यामुळे रिटर्नच्या ओळीत शेवटी एक स्वल्पविराम लागतो. तो राहिला की एरर, आणि निम्मा वर्ग हात वर करून बसतो. पिढ्या फिरवणारं तयार फंक्शन ईए-सिंपल जुनी पिढी सरसकट काढून टाकतं, म्हणजे सापडलेलं उत्तम उत्तरही हातचं जाऊ शकतं. हॉल ऑफ फेम, म्हणजे उत्तम उत्तरांची यादी, ते फक्त नोंदवून ठेवते, पॉप्युलेशनमध्ये (उत्तरांच्या घोळक्यात) परत घालत नाही. गाउसियन म्युटेशनला (उत्तरात किरकोळ बदल करायची एक रीत) हद्द माहीत नसते, चल ५.१२ च्या पार जातो. त्यापेक्षा बाउंडेड सिम्युलेटेड बायनरी क्रॉसओव्हर (दोन उत्तरांची सरमिसळ) आणि बाउंडेड पॉलिनॉमियल म्युटेशन घ्या, ते हद्द पाळतात. आणि सीड (यादृच्छिक आकडे दर वेळी तेच यावेत म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा) पायथनच्या स्वतःच्या रँडमला द्या. नुसता नमपाय या गणिती लायब्ररीला दिलात तर दर रनला उत्तर बदलणार.

तरीही शिकवायला मला हिच्याइतकी सोयीची दुसरी सापडली नाही. सिलेक्शन, क्रॉसओव्हर, म्युटेशन सुटं सुटं टूलबॉक्सात नोंदवायचं असल्याने पोरांना प्रत्येक भाग हाताळावाच लागतो. टूर्नामेंट सिलेक्शनमध्ये काही उत्तरं चिठ्ठ्या टाकून उचलतात आणि त्यातलं सर्वोत्तम निवडतात; त्याचा आकार ३ चा २० केला की सगळं पॉप्युलेशन भराभर एकसारखं होतं आणि शोध थंडावतो, हे फळ्यावर सांगून पटत नाही, स्क्रीनवर पटतं.

तुम्हाला शिकायचं नसून एखाद्या फंक्शनचा नुसता मिनिमम काढायचा असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका. सायपाय या पायथनच्या लायब्ररीतलं डिफरन्शियल इव्होल्युशन वापरा: फंक्शन द्या, हद्दी द्या, एका ओळीत काम. शेवटचं बारीक घासकाम तेच करून देतं. पण बीमचं वजनही कमी हवं आणि वाकही कमी हवा, असं दुहेरी दुखणं असेल तर डीपकडेच या. अशी दोन उद्दिष्टं एकदम सांभाळणारी, कल्याणमॉय देब यांच्या गटाने आयआयटी कानपूरला असताना काढलेली एनएसजीए-टू पद्धत त्यात तयार मिळते. दोन वेट (प्रत्येक उद्दिष्ट कमी हवं की जास्त हे सांगणारे आकडे) दोन्ही उणे ठेवा, फंक्शनमधून दोन किमती परत द्या, सिलेक्शनची ओळ बदला आणि ईए-सिंपलऐवजी जुनी-नवी पिढी एकत्र करून निवडणारं ईए-म्यू-प्लस-लॅम्ब्डा घ्या; बाकीचा बराचसा कोड तसाच चालतो.